कुंकवाच्या ज्योतीचा साक्षीदार

त्या गुरुवारी सकाळी दहा वाजता भिलाईजवळच्या कुरुद गावातल्या टिनाच्या शेडमध्ये पाचेकशे माणसं एका निळ्या ज्योतीकडे टक लावून बसली होती. त्यातली निदान शंभर पोलादाच्या प्लांटमधून रात्रपाळी करून सरळ आली होती. आठ तास आगीसमोर उभं राहून झाल्यावर विसावा म्हणून पुन्हा आगीसमोर. भिलाईच्या माणसाला आगीचा कंटाळा म्हणून येत नाही.

मंचावर अग्निदर्शी महाराज होते. समोर गॅसची शेगडी होती, पण तिला शेगडी म्हटलेलं चालत नसे. तिचं नाव 'अग्निमुख'.

पद्धत अशी होती. पहिल्या गुरुवारी महाराज तुमच्या मनगटाला पांढरा सुती दोरा बांधत. आठवडाभर तो काढायचा नाही. दुसऱ्या गुरुवारी तो कापून, चिमट्यात धरून, निळ्या ज्योतीत नेत. ज्योत भसकन पिवळी होई. अशी पिवळी, की पुढच्या रांगेतल्या लोकांचे चेहरेही कावीळ झाल्यासारखे दिसत.

"देख लो! पीड़ा बाहर आ रही है. कब से तकलीफ है, माताजी?"

"सात वर्षं झाले, महाराज. गुडघे."

"सात साल से दिख रही है. बैठी तो पिछले जनम से है."

टाळ्या. ज्याची ज्योत पिवळी झाली नाही असा माणूस त्या शेडमध्ये सापडला नाही. पीडा सगळ्यांना होती. मलाही होती. माझ्या मनगटालाही दोरा होता. तो बायकोनं बांधायला लावला, असं मी सगळ्यांना सांगतो.

पिवळी ज्योत झाली की पुढची पायरी. मंचाच्या उजव्या बाजूला झाकणाचं एक निळं प्लास्टिकचं पिंप होतं. त्यात आपली डॉक्टरी औषधं टाकायची. "गोली और ज्योत साथ नहीं चलती. एक म्यान में रोग और दवा, दोनों मिलके रहते हैं, इसीलिए तो रोग जाता नहीं!" असं महाराज म्हणत, आणि या वाक्याचा अर्थ काय असा प्रश्न पाचशे माणसांतल्या एकालाही पडत नसे. महाराज एक रुपया घेत नसत. फक्त औषधं घेत. त्यामुळे लोकांचा विश्वास दुप्पट झाला होता.

मग पाचवा गुरुवार. नव्यानं आठवडाभर बांधलेला दोरा कापायचा, पितळेच्या तीन लोट्यांत त्याला तीन स्नानं घालायची, चौथ्या लोट्यातल्या तीर्थात बुडवायचा आणि ज्योतीत धरायचा. ज्योत लाल होई. कुंकवासारखी गर्द लाल. बायका हात जोडून उठून उभ्या राहत.

आणि मग माईक देवाजी शहारेंच्या हातात जाई.

देवाजी माझे शेजारी. मूळचे भंडाऱ्याकडचे. वडिलांबरोबर लहानपणी भिलाईत आले, पोलाद कारखान्यात क्रेनवर खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले आणि कन्व्हर्टरवरून रिटायर झाले. कन्व्हर्टर म्हणजे ज्यात वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजन फुंकून पोलाद करतात ते अजस्र भांडं. त्याच्या तोंडातून ज्योत निघते. आतला कार्बन जळून संपत आला, की ज्योत बसते. पुढे मशीन आल्या, संगणक आले, तरी पोरसवदा इंजिनिअर आधी देवाजींकडे पाहायचे. देवाजी निळ्या काचेतून एक डोळा बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "बसली. वाकवा भांडं आता." नमुना तपासून येईपर्यंत देवाजींचं उत्तर बरोबर ठरलेलं असायचं.

असा माणूस माईकवर सांगे, "भाऊ, मी तीस वर्षं ज्योत वाचून पोलाद ओतलं. भांड्याच्या पोटात काय चालू हाये, ते ज्योत सांगते. माणसाच्या पोटातलं कावून नाही सांगणार? मले आग फसवत नाही. ही ज्योत खरी हाये."

बिहारमधले, आंध्रातले, छत्तीसगढी, आमचे मराठी, सगळे प्लांटवाले मान डोलवत. बाहेरच्या जगात महाराजांना कोणी हसलं असतं. इथं आगीच्या रंगावर ज्यांचं पोट चाललं, त्यांनीच त्यांना डोक्यावर घेतलं. आमची चूक आमच्या अनुभवातून आली होती, म्हणून ती फार भक्कम होती.

देवाजींच्या पत्नीचं, अंजनाबाईंचं, बीपी जुनं. सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी, बारा वर्षं. एका गुरुवारी त्यांची ज्योत पिवळी झाली आणि देवाजींनी स्वतःच्या हातानं त्यांच्या गोळ्या पिंपात टाकल्या. पाचव्या गुरुवारी ज्योत लाल झाली. महाराज म्हणाले, "कुंकू की ज्योत है, माताजी. अखंड सौभाग्य." अंजनाबाई लाजल्या.

त्यांची मुलगी तारा जवळच्या दुर्ग शहरातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेची तंत्रज्ञ. सासरही तिथंच, मोहन नगरात. ती दर रविवारी येई आणि दर रविवारी भांडण होई.

"बाबा, आईचं बीपी मोजलं का?"

"मोजून काय करू? ज्योत लाल झाली तिची. तू होती का तवा?"

"ज्योतीत बीपी दिसत नाही, बाबा!"

"तुले दिसत नाही. तू काचा घासते लॅबमधल्या."

शेवटच्या आठवड्यात अंजनाबाईंचं डोकं दुखायला लागलं. तारानं सुट्टी टाकली, माहेरी राहिली आणि दोन दिवस चहाबरोबर आईला गोळी दिली. तिसऱ्या दिवशी देवाजींनी गोळीची पट्टी पाहिली आणि खिडकीबाहेर फेकली. पाचव्या दिवशी अंजनाबाई भाजी निवडता निवडता आडव्या झाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, बीपी दोनशे तीसच्या वर गेलं होतं, डोक्यात रक्तस्राव झाला. गोळ्या बंद होऊन अकरा आठवडे झाले होते.

तेराव्याला महाराज स्वतः आले. सत्तर माणसं जेवायला बसली होती. महाराजांनी फोटोला हार घातला आणि डोळे मिटून विचारलं, "ज्योत लाल हो चुकी थी. फिर इस घर में माताजी को ज़हर किसने दिया?"

ताराला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "मी दोन दिवस गोळी दिली."

महाराजांनी डोळे उघडले नाहीत. नुसता एक सुस्कारा सोडला. तेवढ्यावर काम झालं.

"तूच मारलं तिले," देवाजी म्हणाले. सत्तर माणसांसमोर म्हणाले. पंगतीत वाढणारा माणूस हातात वरणाचं पातेलं घेऊन तसाच थांबला. "माझ्या घरात पाय नको ठेवू."

तारानं पदर खोचला, दाराशी चप्पल पायात अडकवली आणि गेली. तीन महिने बाप-लेकीचं बोलणं नाही. महाराजांचा धंदा मात्र वाढला, कारण आता त्यांच्याकडे एक दाखला आला होता. चोरून गोळी दिली तर काय होतं पाहा. शेजारपाजारच्या घरांतल्या सुना धसक्यानंच सासूच्या गोळ्या पिंपात नेऊन टाकायला लागल्या.

एके दिवशी ताराचा मला फोन आला.

"अरुणकाका, बाबांकडे महाराजानं दिलेल्या त्या तीर्थाची बाटली हाये ना, आईच्या फोटोजवळ?"

"हाये."

"त्यांना सांगा, तारा म्हणते की तुमच्या महाराजाची ज्योत खोटी हाये, अन् हिंमत असेल तर बाटली घेऊन माझ्या लॅबमध्ये या. माझ्या कॉलेजच्या पोरींसमोर मला खोटं पाडा."

"तारा, असं बोलू का त्यांना?"

"असंच बोला. 'कृपया' लावू नका. कृपया लावलं तर येणार नाहीत."

देवाजी आले. इस्त्रीचा शर्ट घालून, बाटली रुमालात गुंडाळून, माझ्या स्कूटरवर मागं बसून. रस्ताभर एकच वाक्य: "आज तिचा माज उतरवतो."

प्रयोगशाळेत पडदे ओढलेले होते. बीएस्सीच्या सहा-सात मुली होत्या. त्यांच्यातली प्रांजली नावाची मुलगी वही घेऊन एका यंत्राजवळ बसली होती. यंत्र म्हणजे मधोमध एक गोल चबुतरा, त्यावर काचेची पट्टी, आणि एका बाजूला छोटी दुर्बीण. त्या पट्टीवर एका मिलिमीटरात शेकडो रेघा ओढलेल्या असतात. उजेड तिच्यातून गेला की त्याच्यातले रंग वेगवेगळे होतात, कोणता रंग कुठं पडला ते मोजता येतं.

तारानं वडिलांना नमस्कार केला नाही. देवाजींनीही आशीर्वादाचा हात आवरून ठेवला.

"साधा बल्ब पाहा आधी," ती म्हणाली.

देवाजींनी सवयीनं एक डोळा बारीक केला. "सगळे रंग हायेत. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. मधात कुठं खाली जागा नाही."

"आता हे." तारानं तारेचं एक स्वच्छ वेटोळं बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरलं. काही झालं नाही. मग ते वेटोळं वडिलांच्या कपाळावरून हलकेच फिरवलं आणि पुन्हा ज्योतीत नेलं. ज्योत भसकन पिवळी झाली.

"पाह्य!" देवाजी मुलींकडे वळले. "पीडा! अंजना गेली तेव्हापासून माझ्या डोक्यात—"

"दुर्बिणीतून पाहा."

देवाजींनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "रंग कुठं गेले बाकीचे? दोन रेघा हायेत फक्त. पिवळ्या. चिकटून उभ्या."

"प्रांजली, रीडिंग घे."

"पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर, मॅडम."

"आता बाबा, तुम्ही तिकडं तोंड करा. प्रांजली चार वेगवेगळ्या वस्तू धरेल. एकेकीची रेघ पाहा अन् मला सांगा, यातली माणसाची पीडा कोणती."

चार वेळा देवाजी वाकले. चार वेळा तीच दोन रेघांची जोडी, त्याच जागी, केसभरही इकडेतिकडे नाही. त्यांनी अखेर तिसरी निवडली. "ही. ही लय भारी पीडा हाये. कोन्या जुन्या रोग्याची दिसते."

मुली खाली मान घालून हसल्या.

"ते प्रांजलीच्या डब्यातलं लोणचं," तारा म्हणाली. "पहिलं स्वयंपाकाचं मीठ, दुसरं नळाचं पाणी, चौथं माझा घाम. सगळ्यांत मीठ, मिठात सोडियम. आठवडाभर भिलाईच्या उन्हात मनगटावर दोरा बांधला तर त्यात घामाचं मीठ मुरणारच. तो दोरा पिवळा नाही जळणार तर काय करणार?"

देवाजी हट्टानं म्हणाले, "पण रेघच कावून? दुसरा रंग कावून नाही निघत?"

हा प्रश्न विचारल्यावर ताराचा आवाज तीन महिन्यांत पहिल्यांदा जरा खाली आला.

"तुम्ही क्रेनवर होता ना सुरुवातीला? कंट्रोलरचा दांडा कसा फिरतो?"

"नॉच असते त्याले. खाचा. पह्यली नॉच, दुसरी नॉच. दांडा खाचेतच बसते. मधात ठेवतो म्हटलं तर थांबतच नाही."

"अणूच्या आतही तसंच. आतल्या इलेक्ट्रॉनला ऊर्जेच्या खाचा ठरलेल्या. ज्योतीनं तापवलं की तो वरच्या खाचेत जातो. तिथं टिकत नाही, धाडकन खालच्या खाचेत येतो, आणि दोन खाचांमधलं जेवढं अंतर, तेवढ्याच ऊर्जेचा उजेड बाहेर टाकतो. अंतर ठरलेलं, म्हणून रंग ठरलेला. मध्ये थांबता येत नाही, म्हणून मधला रंग नाही. सोडियमच्या खाचा सोडियमच्या. लोखंडाच्या वेगळ्या, तांब्याच्या वेगळ्या. मीठ महाराजाचं असो की लोणच्याचं, खाच बदलत नाही."

देवाजींनी हवेतच एक दांडा खाचेखाचेनं फिरवून पाहिला. हा माणूस देवाला उलटा प्रश्न करत नसे, पण नॉच त्याला कळत होती.

मग त्यांनी स्वतःहून रुमाल सोडला आणि बाटली पुढे केली. "आता हे लाव."

तळाशी पांढरा गाळ होता. तारानं बाटली हलवली, हुंगली. "लिंबू," ती म्हणाली. नवं वेटोळं बुडवून ज्योतीत धरलं. लाल. गर्द, कुंकवासारखी. देवाजींचे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी ते सोडवले आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"एक रेघ. लाल. बाजूले थोडी पिवळी, फिकट."

"पिवळी म्हणजे पाण्यातलं मीठ राहिलं असेल. तीन स्नानं त्यासाठीच. घामाचं मीठ धुऊन नाही काढलं तर पिवळ्यापुढं लाल दिसत नाही. प्रांजली?"

"सहाशे बहात्तर येतं, मॅडम."

तारानं कपाटातून एक छोटी बाटली काढली, त्यातलं चिमूटभर पांढरं चूर्ण तिसऱ्या वेटोळ्यावर घेतलं. पुन्हा लाल. देवाजी वाकले. रेघ त्याच जागी होती.

"लिथियम," तारा म्हणाली. "पुस्तकात सहाशे एकाहत्तर आहे. पोरीनं एकाच्या फरकानं मोजलं."

"हे तीर्थाच्या पाण्यात कसं येते?"

"येत नाही. कोणीतरी टाकावं लागतं. लिथियमची गोळी येते, बाबा. मनाचा आजार असतो ना, कधी फार उल्हास, कधी फार उदास, त्याला डॉक्टर देतात. ती कुटून लिंबाच्या रसात टाकली की विरघळते. गाळ राहतो तो गोळीतला बाकीचा माल."

देवाजी स्टुलावर बसले. ते कन्व्हर्टरवर असताना त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण वाईट ज्योत पाहिल्यावर तो असाच होत असणार.

"पिंपातल्या गोळ्या मी निवडतो," ते हळूच म्हणाले. "दर गुरुवारी. पॅकबंद पट्ट्या एका थैलीत. त्या कुठं जातात, मी विचारलं नाही. अन् एका नावाची पट्टी दाखवली होती त्यानं मले. म्हणे, 'देवाजी, ये वाली अलग रखना, इसमें बहुत ज़हर है.' मी वेगळी ठेवत होतो. माझ्या हातानं."

प्रांजलीनं पेन खाली ठेवलं.

"मंग तारा... तुझ्या आईची पीडा गेलीच नव्हती?"

"पीडा नव्हतीच, बाबा. बीपी होतं. ते कोणत्याच ज्योतीत दिसत नाही. दंडाला पट्टा बांधून मोजावं लागतं."

देवाजींनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. माफी मागितली नाही. दाराशी जाऊन म्हणाले, "गुरुवारी सुट्टी टाक. ती शेगडी माझ्या ओळखीची हाये."

पुढच्या गुरुवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. तारा शेवटच्या रांगेत, डोक्यावरून ओढणी घेऊन. देवाजी मंचावर, नेहमीसारखे. माईक हाती आल्यावर म्हणाले, "भाऊहो, आज मले महाराजांची सेवा करायची हाये."

महाराज प्रसन्न हसले. मे महिना, टिनाची शेड. कपाळावरून घामाच्या धारा. देवाजींनी पुढच्या रांगेतल्या बायकांकडून एक पांढरं फडकं बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात तीन वेळा धुऊन वाळवून घेतलं, सगळ्यांसमोर. कोरड्या फडक्याचा एक कोपरा ज्योतीत धरून दाखवला, नुसताच जळला. मग दुसऱ्या कोपऱ्यानं भक्तिभावानं महाराजांचं कपाळ, मान, काखेपर्यंत सगळं पुसलं. आणि तो कोपरा चिमट्यात धरून अग्निमुखात नेला.

त्या शेडमध्ये इतकी पिवळी ज्योत आजवर कोणाचीच झाली नव्हती.

महाराज एक क्षण थांबले, पण एकच क्षण. माणूस मुरलेला होता. "भक्तों! ये मेरी पीड़ा नहीं! ये तुम्हारी पीड़ा है, जो मैंने अपने शरीर पर ले ली!"

जयजयकार झाला. शेड हादरली. मला वाटलं, संपलं. देवाजी हरले.

देवाजी जयजयकार थांबेपर्यंत थांबले. मग त्यांनी वाकून महाराजांचे पाय धरले. "महाराज, आमच्यासाठी तुम्ही एवढं केलं. मंग आता नियम. पीडा पिवळी, तर गोळ्या पिंपात."

"मैं कोई गोली नहीं लेता, देवाजी."

"माझ्या बाजूले बसून दर गुरुवारी दुपारी घेता, महाराज. मी चूरण समजत होतो. चहा बिनसाखरेचा पिता." आणि महाराजांची झोळी उचलून त्यांनी मंचावर पालथी केली.

मधुमेहाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या, बीपीची एक. शिवाय एक लहान खलबत्ता, चार लिंबं, आणि रबर लावून बांधलेली, त्या 'अलग' ठेवलेल्या पट्ट्यांची जाडजूड गड्डी. गड्डीकडे देवाजींनी पाहिलंही नाही. ते काम नंतरचं. त्यांनी मधुमेहाच्या आणि बीपीच्या पट्ट्या उचलल्या, पिंपात टाकल्या, झाकण लावलं आणि झाकणावर बसले.

"पाच गुरुवार," ते म्हणाले. "माझी अंजना अकरा आठवडे राह्यली. तुम्ही पाच करा."

"देवाजी, मज़ाक बंद करो."

"मजाक नाही. तपस्या हाये. बसा भाऊहो, महाराज आपली पीडा उतरवून राहिले!"

आणि लोक बसले. हीच तर गंमत. महाराजांवर ज्यांची सगळ्यात जास्त श्रद्धा होती, तेच सगळ्यात पुढं सरकले. बायकांनी भजन धरलं. कोणीतरी महाराजांना वारा घालायला लागलं. महाराज उठायला गेले की दहा हात त्यांना प्रेमानं खाली बसवत. "आराम से, महाराज. हमारे लिए इतना कष्ट!" दुपारचे बारा वाजले, एक वाजला. महाराजांची जेवणानंतरची गोळी राहिली. भक्तांनी साखरेचा प्रसाद आणून तोंडात कोंबला, ताकद यावी म्हणून. दोन वाजता महाराज स्वतःची नाडी स्वतःच मोजायला लागले. तीन वाजता त्यांना हातापायांना मुंग्या आल्या. पुढे एका डॉक्टरनं मला सांगितलं की एका दुपारची गोळी चुकल्यानं इतक्यात काहीच होत नाही. पण ती माहिती त्या वेळी मंचावर कोणी दिली नाही, आणि देवाजींना ती विचारायची घाई नव्हती.

साडेतीन वाजता महाराजांनी माईक हिसकावला.

"गोली दे दो मेरी! देवाजी! शुगर की गोली है, बीपी की गोली है! गोली के बिना मैं मर जाऊँगा!"

शेडमध्ये चार भोंगे होते. चारही चांगल्या कंपनीचे. भजन मध्येच तुटलं. वारा घालणारा हात थांबला.

"पुन्हा बोला," देवाजी म्हणाले. "मागच्यांले ऐकू नाही आलं."

"गोली के बिना आदमी मर जाता है, देवाजी! तुम समझते नहीं!"

"आता समजलं."

ते झाकणावरून उठले. पट्टी काढली, एक गोळी फोडली, पाण्याचा पेला भरला आणि महाराजांच्या हातात दिला. महाराजांनी ती पाचशे माणसांसमोर गटकन गिळली. असं करताना त्यांनी मंत्र म्हटला नाही.

मग देवाजी माईकवर आले. तीस वर्षं आगीवर ओरडून घोगरा झालेला आवाज, पण त्या दिवशी फारच बारीक निघाला.

"मी इथं उभा राहून सांगितलं की ज्योत खरी हाये. माझं ऐकून तुमी गोळ्या टाकल्या. माझं ऐकून अंजनानं टाकल्या. तिले या माणसानं मारलं, अन् मी मारलं. माझ्या पोरीनं नाही." त्यांनी शेवटच्या रांगेकडे बोट केलं. "माझ्या पोरीनं तिले दोन दिवस वाचवलं. तेराव्याले सत्तर माणसं होते पंगतीत. ते सगळे इथं हायेत. त्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांच्यासमोर सांगतो. तारा, इकडं ये. त्यांले दाखव काय मले दाखवलं ते."

तारा आली. रडत नव्हती. तिनं पुढच्या रांगेतल्या एका डब्यातलं लोणचं मागितलं, ज्योतीत धरलं, पिवळी ज्योत दाखवली. महाराजांच्या गड्डीतली एक गोळी त्यांच्याच खलबत्त्यात कुटली, त्यांचंच लिंबू पिळलं, एक धुतलेला दोरा बुडवला आणि कुंकवाची ज्योत पेटवली. साडेचार मिनिटं लागली. या वेळी कोणी हात जोडले नाहीत. मग लोक पिंपाकडे धावले, आपापली पट्टी शोधायला. तारानं त्यांनाही अडवलं: त्या गोळ्या उन्हात पडलेल्या, कोणाच्या कोणात मिसळलेल्या; उद्या सकाळी आपल्या डॉक्टरकडे जा, नव्या लिहून घ्या.

पोलीस आले तेव्हा महाराजांचं नाव रूपेश निघालं. पूर्वी एका औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी. आधी डॉक्टरांना गोळ्या खपवायचा, मग लोकांकडून गोळ्या सोडवून पॅकबंद माल परत दुकानात खपवायचा. चमत्कारानं रोग बरा करण्याच्या जाहिरातींविरुद्ध आपल्या देशात १९५४ सालापासून कायदा आहे. तो वापरायला कोणीतरी तक्रार करावी लागते. तक्रारीवर पहिली सही देवाजींची. साक्षीदार म्हणूनही तेच. मलाही आरोपी करा, असाही अर्ज त्यांनी दिला होता. ठाणेदारानं तो परत केला.

अंजनाबाई मात्र परत आल्या नाहीत. सूड कितीही छान घेतला तरी त्यात एवढी उणीव राहते.

म्हणून हे लिहिलं. पदार्थ तापवला की त्याचे अणू ठरलेल्या खाचांतून उतरतात आणि ठरलेला रंग टाकतात. ज्योत एवढंच सांगते, तिच्यात काय जळतंय. कोण बरं होणार हे ती सांगत नाही, कारण तिला ते माहीत नाही. आगीतलं कळणाऱ्या माणसाला शरीरातलं कळतंच असं नाही, आणि हे त्यानं स्वतःलाही विचारलं पाहिजे. कोणी चमत्कार दाखवला तर तोच चमत्कार लोणच्यानं होतो का ते पाहा. आणि तुमच्या घरात कोणाची गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद झाली असेल, तर आज घरी जाऊन विचारा. भांडण होईल. होऊ द्या. भांडायला माणूस घरात असला पाहिजे.